पाहुण्याला घर दाखविताना

देशाचा परिचय करून देणे हे काम वरवर पाहता अगदी निरुपद्रवी वाटते. कोणी परदेशी गृहस्थ प्रथमच भारतात येतो. त्याला चार गोष्टी सांगावयाच्या. नमस्कार कसा करावा, जेवताना कोणता हात वापरावा, देवळात जाताना जोडे कोठे काढावेत, दुकानदाराने सांगितलेली किंमत कितपत खरी मानावी. यात नीतीचा प्रश्न कोठून आला, असे कोणीही विचारील. दिल्लीत व दिल्लीच्या आसपास केंद्र सरकारच्या चाकरीत असलेल्या आपल्या मंडळींकडे तर हे काम या ना त्या रूपाने येतच असते. कधी एखादे शिष्टमंडळ यावयाचे असते आणि त्याच्यासाठी दोन पानी टिपण हवे असते. कधी मुलांच्या शाळेत परदेशी विद्यार्थ्यांचा गट येतो. कधी वरच्या मजल्यावर राहावयास आलेला जपानी अभियंता लिफ्टमध्येच काही विचारतो. आपण उत्तर देतो आणि विसरून जातो. परंतु त्या उत्तरात आपण कोणाच्या वतीने बोललो, काय मांडले, काय झाकले आणि ते कोणत्या अधिकाराने, याचा थोडा थांबून विचार केला, तर हा प्रश्न साधा राहत नाही.

गुरुग्रामात तो विशेष टोचतो. कारण भारताचे पहिले दर्शन पुष्कळांना आता येथेच घडते. दिल्लीच्या विमानतळाच्या तिसऱ्या टर्मिनलवर, पारपत्रे तपासणाऱ्यांच्या डोक्यावर, नृत्यातील हस्तमुद्रांचे मोठाले पंजे भिंतीतून बाहेर आलेले आहेत. त्यांच्याखालून निघालेला प्रवासी, रस्त्यावर वाहनांची गर्दी नसेल तर, थोड्याच वेळात या शहरात येतो. (गर्दी नसते असे मात्र सहसा होत नाही.) तो ताजमहाल पाहावयासच आलेला असतो असे नाही. १९८३ च्या डिसेंबरात येथील कारखान्यातून पहिली मारुती मोटार बाहेर पडली, तेव्हापासून जपानी तंत्रज्ञांचा येथे राबता आहे. येथील मोठ्या खाजगी रुग्णालयांत इराक, उझबेकिस्तान आणि आफ्रिकेतील देश यांतून रोगी येतात आणि त्यांच्याबरोबर आई, भाऊ, चुलता असे कोणी तरी असते. ग्वाल पहाडीस आंतरराष्ट्रीय सौर आघाडीचे ठाणे आहे. तेथे नाना देशांचे प्रतिनिधी येतात. भारताकडे पाहणारे हे नवखे डोळे आहेत, आणि त्यांच्यापुढे आपण काय ठेवतो हे पाहण्यासारखे आहे.

या नवख्यांसाठी जी छोटी छोटी माहितीपत्रके तयार होतात त्यांचा मासला सर्वांच्या परिचयाचा आहे. भारतीय लोक हात जोडून नमस्कार करतात. भारतीय लोक वडीलधाऱ्यांच्या पाया पडतात. भारतीय लोक उजव्या हाताने जेवतात, गाईला पवित्र मानतात, मान डोलावून होकार देतात. भारतात अनेक धर्म, भाषा व वेष असून त्यांत एकता नांदते. याच माहितीपत्रकाला विटा-सिमेंटचे रूप दिले तर काय होते, हेही गुरुग्रामने पाहिले आहे. २०१० साली येथील सेक्टर २९ मध्ये ‘किंग्डम ऑफ ड्रीम्स’ नावाचे एक भव्य करमणूक-केंद्र उघडले. त्यात ‘कल्चर गली’ या नावाचा एक छत घातलेला, वातानुकूलित रस्ता होता. वर छतावरच आकाश रंगविलेले, आणि दोहो बाजूंस निरनिराळ्या राज्यांची दालने, तेथील जेवण आणि तेथील कारागिरी. एका संध्याकाळी, घाम न गाळता, सारा भारत. २०२२ मध्ये त्याला टाळे लागले. त्यात फसवणूक होती असे आम्ही म्हणणार नाही. करमणुकीच्या जागी करमणूकच असावयाची. परंतु त्या रंगविलेल्या आकाशाखालून चालणाऱ्या परदेशी माणसाला एक गोष्ट कधीच भेटत नसे, ती म्हणजे ‘मी’ किंवा ‘आम्ही’ म्हणून बोलणारा एखादा भारतीय.

माहितीपत्रकाचे दुखणेही हेच आहे. त्यातील वाक्य न् वाक्य तपासा, त्यात धडधडीत खोटे असे फार थोडे सापडेल. खोट आहे ती ‘करतात’ या क्रियापदात. लिहिणारा स्वतः भारतीय असतो, आणि तरीही तो ‘करतो’ असे न लिहिता ‘करतात’ असे लिहितो. जणू तो काचेपलीकडे उभा राहून कोणा तिसऱ्याच लोकांच्या चालीरीती निरखीत आहे. कचेरीत काम करणाऱ्याला ही विद्या चांगली ठाऊक असते. ‘विलंब झाला आहे.’ ‘कागद उपलब्ध नाही.’ ‘निर्णय घेण्यात आला.’ विलंब कोणी केला, कागद कोणी हरविला, निर्णय कोणी घेतला, हे वाचणाऱ्याने ओळखून घ्यावयाचे. कर्ता गाळला की जबाबदारीही गळते. टिपणात ही सोय क्षम्य असेल, कारण तेथे ती सर्वांनाच ठाऊक असते. पाहुण्याला ती ठाऊक नसते.

आणि ‘भारतीय लोक’ म्हणजे तरी कोण? आपल्यापैकी जो कोणी पुण्याहून, नागपुराहून अथवा बेळगावाहून बदली होऊन या मुलखात आला, त्याने आपले पहिले वर्ष आठवावे. टॉवरांच्या पाठीशीच असलेल्या चक्करपूर, झाडसा, सिकंदरपूर अशा गावांत बाजेवर बसून हुक्का ओढणारा एखादा ताऊ आपल्याला सरळ ‘तू’ म्हणून हाक मारतो, आणि आपल्या मनास तो अपमान वाटतो. त्याच्या बोलीत आदर क्रियापदात नसून आवाजात असतो, हे कळावयास काही महिने जातात. भाकरी, चहा, लग्नाची वरात, शेजाऱ्याच्या घरी जाण्याची वेळ, सर्वच बाबतींत आपण येथे नवखे असतो. कुलाबा जिल्ह्यातील वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. त्यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ साली छापून निघाला. तो वाचताना वाटते की, प्रथमच भारत पाहावयास निघालेला माणूस परदेशीच असावा लागतो असे नाही. तो कोकणातला भिक्षुकही असू शकतो. विष्णुभटांनी जे पाहिले ते ‘मी पाहिले’ म्हणून लिहिले. जेथे भ्याले तेथे भ्यालो म्हणून लिहिले. त्यांच्या लिखाणाचे मोल त्यातच आहे.

तेव्हा पाहुण्याला सांगावयाचे ते ‘करतात’ या भाषेत की ‘करतो’ या भाषेत, हा आमच्या मते केवळ व्याकरणाचा प्रश्न नव्हे. शहराच्या नावापासूनच तो सुरू होतो.

गुडगाव या नावाचे गुरुग्राम झाले ते २०१६ साली. परदेशी माणूस अर्थ विचारतो आणि आपण सांगतो: गुरूचे गाव, कौरव-पांडवांचे गुरू द्रोणाचार्य यांना हे गाव मिळाले अशी परंपरा आहे. पाहुण्याला ते आवडते. गुरुशिष्यांची परंपरा, विद्येचा मान, हे सर्व माहितीपत्रकात उत्तम बसते. त्यात भर म्हणून शीतलामातेच्या देवळाचेही सांगता येते. द्रोणपत्नी कृपी हीच ती देवी अशी येथील श्रद्धा असून चैत्रात तेथे मोठी जत्रा भरते, दूरदूरच्या गावांहून लोक मुलांचे जावळ काढावयास येतात. परंतु याच शहराच्या पोटात खांडसा नावाचे गाव आहे, आणि तेथे एकलव्याचे एक लहानसे देऊळ आहे. त्याने गुरूला अंगठा कापून दिला तो येथेच, असे तेथील लोक मानतात. नकाशावर दोन्ही ठिकाणे एकमेकांपासून फार दूर नाहीत. गुरूचे गाव म्हटल्यावर, त्या गुरूने काय शिकविले, कोणाला शिकविले आणि कोणाला शिकविण्याचे नाकारून वर दक्षिणा मागितली, हे सांगावयाचे की नाही?

येथे आपल्या अंगी मुरलेला यजमान जागा होतो. तो म्हणतो, पाहुण्यापुढे घरची धुणी धुऊ नयेत. झाकली मूठ सव्वा लाखाची. हे मत हसण्यावारी नेण्यासारखे नाही. आईबापांची उणी बाहेर सांगत सुटणारा मुलगा सत्यवादी ठरत नाही, तो हलका ठरतो. शिवाय पाहुणा चार दिवसांचा. त्याला आपल्या घरातील भांडणाचा अर्धाच भाग कळणार आणि तो अर्धाच भाग घेऊन तो स्वदेशी जाणार. ज्या देशाकडे शे-दीडशे वर्षे परक्यांनी उपहासाने पाहिले, त्या देशाच्या माणसाने पुन्हा आपणहून त्यांच्या हाती काठी का द्यावी? ही शंका ज्यांच्या मनात येते त्यांना आम्ही भित्रे म्हणणार नाही.

मात्र या यजमानधर्माला जे प्रमाण म्हणून पुढे केले जाते, ते नीट वाचले पाहिजे. अतिथीला देव मानावे, हे वचन आपल्या पर्यटन खात्याने घोषवाक्य म्हणून घेतले आणि ते देशभर फलकांवर झळकले. ते आहे तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीतील. विद्या संपवून घरी निघालेल्या शिष्याला गुरू जो अखेरचा उपदेश करतो, त्या उपदेशातील ते आहे. माता, पिता, आचार्य आणि अतिथी यांना देव मानण्यास सांगून झाले की गुरू लगेच, जवळजवळ त्याच दमात, एक विलक्षण गोष्ट सांगतो. आमच्या आचरणात जे चांगले असेल तेवढेच तू घे, इतर घेऊ नकोस. म्हणजे आमच्या आचरणात ‘इतर’ही आहे, हे गुरू स्वतःच्या तोंडाने, ‘आमच्या’ असे म्हणून, कबूल करतो. खात्याने पहिले वचन उचलले आणि दुसरे ठेवून दिले. घोषवाक्याला जागा थोडी असते हे खरे. पण ही दोन वचने शेजारी शेजारी का आली असावीत, याचा विचार करताना आम्हाला असे वाटते की, अतिथीला देव मानणाराला अतिथीपासून लपविणे अवघडच जावयाचे. देवापुढे झाकल्या मुठीचा काय उपयोग? हा अर्थ आम्ही लावलेला आहे, भाष्यकारांचा नव्हे, हे येथेच सांगून टाकतो.

आता उलट बाजू. सत्य सांगण्याच्या नावाखालीही किती प्रकार चालतात याचा एक जुना दाखला याच गावचा आहे. १९२० ते १९२८ या काळात एफ. एल. ब्रेन नावाचा इंग्रज अधिकारी गुडगाव जिल्ह्याचा डेप्युटी कमिशनर होता. जिल्हा तेव्हा पंजाबात होता. माणूस कामाचा, प्रामाणिक आणि विलक्षण हट्टी. खेड्यांतील उकिरडे त्याला पाहवेनात. खतासाठी सहा फूट खोल खड्डे खणा, घरांना खिडक्या पाडा, शेण जाळू नका, मुलींना शाळेत घाला, असा त्याने आठ वर्षे धडाका लाविला. ‘गुडगावचा प्रयोग’ म्हणून त्याचे नाव झाले. १९२९ साली त्याने एक पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात सॉक्रेटीस हिंदुस्थानातल्या एका खेड्यात येतो आणि चौकात बसलेल्या शेतकऱ्यांना प्रश्न विचारून विचारून निरुत्तर करतो. कल्पना मोठी मजेची आहे. ब्रेनने सांगितलेल्या पुष्कळ गोष्टी आज आपण आपल्याच योजनांत सांगतो. पण खरा सॉक्रेटीस स्वतःच्या नगरीत, स्वतःच्या लोकांत प्रश्न विचारीत असे आणि त्याची किंमत त्याने त्याच नगरीत भरली. ब्रेनचा सॉक्रेटीस सरकारी घोड्यावरून येतो. त्याचे सर्वनाम ‘तुम्ही’ आहे. तुम्ही घाण करता, तुम्ही बायकांना राबविता. ब्रेन बदलून गेला आणि त्याच्यामागे तो प्रयोग टिकला नाही.

त्याच सुमारास, १९२७ साली, कॅथरिन मेयो या अमेरिकन बाईचे ‘मदर इंडिया’ निघाले. तिचे सर्वनाम ‘ते’. गांधीजींनी त्या पुस्तकावर लिहिलेल्या लेखाला गटारे तपासणाराचा अहवाल असे नाव दिले, हे सर्वांना आठवते. गांधीजींनी त्याच लेखात असेही म्हटले होते की, भारतीयांनी हे पुस्तक वाचल्यास त्यांचा लाभच होईल, आणि आरोपांची मांडणी नाकारली तरी त्यांच्या मुळाशी जे आहे ते नाकारता येणार नाही. हे मात्र फारसे कोणी आठवीत नाही. परक्याला एक सांगणे आणि घरच्याला दुसरे, अशी ही दुटप्पी नीती नव्हे. तीच वस्तुस्थिती ‘ते’ म्हणून सांगितली की निंदा होते आणि ‘आम्ही’ म्हणून ऐकली की कर्तव्य होते, एवढाच त्याचा भाव आहे.

‘आम्ही’ म्हणून परक्यांना सांगण्याचे धैर्य मात्र एका मराठी बाईने याच्या चाळीस वर्षे आधी दाखविले होते. पंडिता रमाबाई १८८६ साली आनंदीबाई जोशांच्या पदवीदान समारंभासाठी फिलाडेल्फियास गेल्या, आणि पुढल्याच वर्षी त्यांनी इंग्रजीत ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. ते सर्वस्वी अमेरिकन वाचकांसाठी, म्हणजे भारताविषयी ज्यांना काहीच ठाऊक नाही अशांसाठी लिहिलेले आहे. बालविवाह, विधवांची दशा, स्त्रीशिक्षणाचा अभाव, हे सर्व त्यांनी त्यात मांडले. त्यात एक हकीकत आहे. तीर्थयात्रेस निघालेला एक गृहस्थ गोदावरीकाठी स्नानास आलेल्या दुसऱ्या यात्रेकरूला पाहतो, चौकशी करतो आणि आपली नऊ वर्षांची मुलगी त्या अनोळखी, वयस्क माणसाला देऊन टाकतो. रमाबाईंनी तेथे नावे घेतलेली नाहीत. ती मुलगी त्यांची आई होती आणि तो वयस्क वर त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे. ज्या वडिलांनी लोकनिंदा सोसून बायकोला संस्कृत शिकविले, त्यांच्यावर रमाबाईंचे निरतिशय प्रेम होते. तरीही त्यांनी ती हकीकत गाळली नाही. यास आम्ही साक्ष म्हणतो. साक्षीदार घटनास्थळी हजर असावा लागतो. तो काचेपलीकडचा असून चालत नाही.

त्या साक्षीची त्यांना किंमत द्यावी लागली. अमेरिकेतून मिळालेल्या मदतीवर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदा सदन उघडले; पण परक्यांपुढे धर्माची बदनामी केली, हा आरोप त्यांना जन्मभर चिकटला. त्या ख्रिस्ती झाल्या होत्या, त्यामुळे आरोप करणारांचे काम सोपे झाले. पुढे विवेकानंद अमेरिकेत गेले आणि त्यांनी भारताची उज्ज्वल बाजू मांडली, तेव्हा १८९५ च्या सुमारास ब्रुकलिनमधील रमाबाई मंडळाशी त्यांच्या बाजूचा खटका उडाला. वाद कोणी जिंकला हे ठरविण्याचा आमचा अधिकार नाही. विवेकानंदांनी स्वदेशी परतल्यावर स्पृश्यास्पृश्यतेवर जे कोरडे ओढले ते रमाबाईंच्या शब्दांहून सौम्य नव्हते. फरक एवढाच की एकाने घरात सांगितले आणि दुसरीने दारात. १८८९ सालीच रमाबाईंनी मराठीत अमेरिकेच्या लोकस्थितीवर पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी त्या देशाची मनःपूर्वक स्तुती केली, आणि ज्यांनी आपल्याला मदत केली त्यांच्याच देशातील वर्णद्वेषावरही बोट ठेवले. माप एकच होते, म्हणून आमचा कल त्यांच्याकडे आहे.

यावर एक आक्षेप हमखास येतो. ज्याने स्वतः कोणाचा अंगठा कापला नाही, त्याने ‘आम्ही’ का म्हणावे? पूर्वजांच्या पापाचा वाटा आम्ही का उचलावा? आक्षेप न्याय्य आहे, जर आपण पुण्याचाही वाटा उचलीत नसू तर. पण परदेशी माणसापुढे शून्याचा शोध ‘आम्ही’ लावलेला असतो, अजिंठ्याची चित्रे ‘आम्ही’ काढलेली असतात, आणि अंगठा मात्र ‘त्या काळी’ कोणी तरी मागितलेला असतो. मराठी माणसाला याचे घरगुती उदाहरण हवे असेल तर ते आहे. १७५८ साली अटकेपार गेलो ते ‘आम्ही’. ते सांगताना आपला आवाज आजही चढतो. पण १७४२ पासून दहा वर्षे बंगालवर ज्या स्वाऱ्या झाल्या, ज्यांत गावेच्या गावे लुटली गेली, त्या मात्र ‘नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी’ केल्या. बंगाली आया मुलांना झोपविताना त्या बर्गींची भीती अजून अंगाईत घालतात. गुरुग्रामच्या टॉवरांतून धुणीभांडी करणाऱ्या बायकांत बंगालच्या खेड्यांतून आलेल्या पुष्कळ आहेत. आपल्याच स्वयंपाकघरात भांडी घासणारी एखादी बाई ती अंगाई म्हणत असेल, आणि तिच्या हिशेबी ‘ते’ म्हणजे आपण असू. ‘आम्ही’ हे सर्वनाम सोयीप्रमाणे लांबविता-आखडता येत नाही. अटक घ्यावयाचे असेल तर बंगालही पदरात पडतो.

आता शिळ्या इतिहासाकडून आजच्या जिन्याकडे येऊ. गुरुग्रामच्या पुष्कळ उंच वसाहतींत घरकाम करणारांसाठी निराळी लिफ्ट असते. पुष्कळ घरांत त्यांच्या चहाचा कप निराळा असतो. तो बहुधा खिडकीत अथवा मोरीच्या कट्ट्यावर पालथा घातलेला दिसतो. समजा, वरच्या मजल्यावरील तो जपानी अभियंता विचारतो, हे असे का? उत्तरे दोनच सुचतात. एक, ‘ही आमची संस्कृती आहे.’ दुसरे, ‘ही आमची संस्कृती नव्हे.’ पहिले उत्तर निर्लज्ज आहे. दुसरे वरकरणी उदात्त आहे, पण तेही खरे नाही. कारण जी गोष्ट मजल्यामजल्यावर रोज चालते ती संस्कृतीत नाही म्हणणे म्हणजे संस्कृती हा शब्द फक्त सणावारी काढावयाचा शालू करून ठेवणे. तिसरे उत्तर ‘आमच्यात असे करतो, ते चूक आहे असे आमच्यातल्याच पुष्कळांनी सांगितले, अजून सुटलेले नाही’ असे आहे. ते लांब आहे, लिफ्टमध्ये मावत नाही, आणि ते देताना शेजारी ती बाई उभी असण्याचा संभव असतो. (निराळी लिफ्ट असल्यामुळे बहुधा नसतेच.) तरीही पाहुण्याला देण्यासारखे उत्तर तेवढेच आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी कोणाविरुद्ध काम केले, बाबासाहेब आंबेडकरांना २० मार्च १९२७ रोजी महाडच्या तळ्यावर का जावे लागले, हे त्या ‘असे करतो’ या वाक्याखेरीज पाहुण्याला कळणारच नाही. दोष झाकला की त्या दोषाशी झुंजलेली माणसेही झाकली जातात, आणि आपल्याकडे अभिमान धरण्यासारखे जे आहे त्याचा मोठा भाग अशाच माणसांचा आहे.

याचा अर्थ असा मात्र नव्हे की पाहुणा दारात दिसताच त्याच्यापुढे पापांची यादी वाचावी. रुग्णालयात मुलाला घेऊन आलेल्या इराकी आईला एकलव्याची कथा ऐकावयाची नसते. तिला भात कोठे मिळेल, कोणते पाणी प्यावे, रिक्षावाला किती घेईल, आणि रात्री औषधांचे दुकान कोठे उघडे असते, हे हवे असते. तिच्या प्रश्नाला तेवढेच उत्तर देणे ही लपवालपवी नव्हे. जे विचारले नाही ते न सांगणे आणि जे विचारले ते वळविणे, यांत फार अंतर आहे. आणि जे चांगले आहे ते सांगताना अवघडून जाण्याचेही कारण नाही. गुडगावच्या जुन्या जिल्ह्यातला मेवात आता नूह या नावाने निराळा जिल्हा झाला आहे. तेथील मेव मुसलमानांचे गायक पिढ्यान् पिढ्या ‘पांडून का कडा’ गात आले. ते मेवाती बोलीतील महाभारत असून ते सादुल्ला खान नावाच्या कवीने रचले. द्रोणाच्या गावाची कथा जतन करणारे हे लोक कोणत्याही माहितीपत्रकातील एकतेच्या वाक्याहून अधिक सांगून जातात. कल्चर गलीत त्यांना जागा होती की नव्हती, हा प्रश्न निराळा. आपल्यापैकी किती जणांनी त्यांना ऐकले आहे, हा अधिक जवळचा प्रश्न आहे. नूह येथून काही फार दूर नाही.

मराठीला या बाबतीत एक देणगी लाभली आहे. ज्याच्याशी बोलतो त्याला वगळून ‘आम्ही’ आणि त्याला धरून ‘आपण’ असा भेद आपल्या भाषेत आहे. तो गुजरातीत आहे, तमिळ-तेलुगूत आहे. हिंदीच्या ‘हम’मध्ये नाही आणि इंग्रजीतही नाही. परदेशी माणसाशी आपण ज्या भाषेत बोलतो त्या भाषेत हा भेद करताच येत नाही, पण मनात तो करता येतो. साक्ष द्यावयाची ती ‘आम्ही’ या शब्दाने, आणि जेवावयास बसावयाचे ते ‘आपण’ या शब्दाने. पुष्कळदा आपल्याकडून याच्या उलट होते. दोषांची गोष्ट निघाली की ‘सगळीकडे असेच असते, आपण सर्व माणसेच’ असे म्हणून पाहुण्याला त्यात ओढतो, आणि ताट वाढताना मात्र तो कोण, त्याने काय खाल्ले असेल, याची कुजबुज सुरू होते.

आणखी एक पाहुणा आहे, त्याचा विचार आपल्या या पत्रिकेच्या वाचकांना तरी टाळता येणार नाही. बदलीच्या गावी जन्मलेली आपली मुले मे महिन्याच्या सुटीत साताऱ्याला, रत्नागिरीला, अकोल्याला जातात ती प्रथमच आलेल्या प्रवाशासारखी. वाड्यातल्या प्रत्येक गोष्टीबद्दल ती ‘असे का’ म्हणून विचारतात. देवघरात अमक्यानेच का जावयाचे, गावच्या एका टोकाला निराळी वस्ती का, आजीने सांगितलेल्या गोष्टीतला राजा नेहमी आपल्याच बाजूचा कसा. त्यांना माहितीपत्रक देऊन भागत नाही; ती रात्री पुन्हा विचारतात. ती हिंदीत वाढलेली असतात, आणि त्यांच्या मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांची गल्लत ठरलेली. आजोळी पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी मूल बापाचा हात धरून म्हणते, “बाबा, आम्ही तिकडच्या वस्तीत जाऊ या का?” आणि वाक्य सुधारावयाचे की उठून चपला घालावयाच्या, हे बापाला तेथल्या तेथे ठरवावे लागते.